फिट थांबली... पुढे?

एक सोपा प्रश्न. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, लोकलच्या डब्यात किंवा मल्टिप्लेक्सच्या रांगेत तुमच्या शेजारच्या माणसाला अचानक फिट आली, तर तुम्ही सगळ्यात आधी काय शोधाल? चप्पल? कांदा? किल्ल्यांचा जुडगा? की दातांत घालायला चमचा?

गेले दोन आठवडे मी हा प्रश्न भेटेल त्याला विचारत सुटलेय. सॉफ्टवेअरवाले, बँकवाले, जाहिरातवाले, जिममधला ट्रेनर, सगळे झाले. चप्पल आणि कांदा यांच्यात जोरदार चुरस आहे. एमबीए केलेल्या एका मित्राने तर 'चामड्याची हवी हं, रबराची चालत नाही' असा तांत्रिक खुलासाही केला. बरोबर उत्तर मात्र एकानेही दिलं नाही. बरोबर उत्तर आहे, घड्याळ.

म्हणजे फिट सुरू झाली की पहिल्यांदा वेळ बघायची. आता तुम्ही म्हणाल, समोर माणूस तडफडतोय आणि ही बाई टाइमपास करायला सांगतेय. पण थांबा. फिट किती वेळ चालली यावर त्या माणसाच्या मेंदूत पुढचे काही दिवस, महिने, कधी कधी वर्षं काय घडणार, हे बरंचसं ठरतं. आणि गंमत अशी, खरं तर गंमत नाहीच, की त्यातलं पुष्कळसं घडतं ते फिट थांबल्यानंतर. सगळे 'चला, सुटलो' म्हणून चहा प्यायला जातात ना, तेव्हा.

आधी बेसिक गोष्टी क्लिअर करू. आपला मेंदू विजेच्या बारीक बारीक संदेशांवर चालतो. काही पेशी 'चल' म्हणतात, काही 'थांब' म्हणतात. 'चल'वाल्यांचं मुख्य रसायन ग्लुटामेट, 'थांब'वाल्यांचं गाबा. हा तोल बिघडला आणि असंख्य पेशी एकदम एका सुरात पेटल्या की फिट. बहुतेक फिट्स दोन-तीन मिनिटांत आपल्या आपण थांबतात, कारण मेंदूचे ब्रेक काम करतात. (ज्या चपलेमुळे आजवर लोक शुद्धीवर आले, तिचं सगळं श्रेय या ब्रेक्सचं!)

आणि हो, एकदा फिट आली म्हणजे लगेच एपिलेप्सी नव्हे. लहान मुलांना तापात फिट येते, कुणाला साखर खूप उतरली की येते. अशा तात्पुरत्या कारणाशिवाय फिट्स पुन्हा पुन्हा येण्याकडे मेंदूचा कल झाला, की त्याला एपिलेप्सी म्हणतात. आपल्या भाषेत अपस्मार, फेफरं, मिरगी. जगात सुमारे ५ कोटी लोकांना ती आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या ऑफिसमध्ये, सोसायटीत, वॉट्सॲप ग्रुपवर असं कुणीच नाही असं वाटत असेल, तर इतकाच अर्थ घ्या की त्यांनी आपल्याला सांगितलेलं नाही.

मला सांगणारी एक आहे. माझी कॉलेजची मैत्रीण, नाव नको. एकोणिसाव्या वर्षी तिला मेंदूज्वर झाला. त्या आजारपणात एका पहाटे तिला फिट आली आणि ती काही केल्या थांबेना. घरापासून हॉस्पिटलपर्यंत, म्हणजे अर्ध्या तासाहून जास्त वेळ, ती चालूच होती. मग इंजेक्शनं, आयसीयू, सगळं. पंधरा दिवसांनी पोरगी हसत घरी आली. काकूंनी बिल्डिंगभर पेढे वाटले. तिने परीक्षा दिली, नोकरी धरली, गाण्याचा क्लासही सुरू केला. आणि दोन वर्षांनी, ध्यानीमनी नसताना, एका मीटिंगमध्ये ती बोलता बोलता गप्प झाली, ओठ चघळायला लागली आणि मिनिटभर 'नव्हती'. मग हे महिन्यातून एकदा व्हायला लागलं. टेंपोरल लोब एपिलेप्सी असं निदान झालं.

काकूंचा तेव्हापासून एकच प्रश्न आहे. 'अगं, पण बरी झाली होती ना?' उत्तर मिळालं नाही की मग घरोघरी मिळतात ती उत्तरं येतात. नाइट शिफ्ट, मोबाइल, बाहेरचं खाणं, कुणाची तरी नजर. आता जागरणाने फिट येऊ शकते हे खरंच. पण एपिलेप्सी मुळात का जडली, याचं ते उत्तर नव्हे. त्याचं उत्तर त्या दोन 'चांगल्या' वर्षांत शोधायला लागतं.

पाच आणि तीस

लांबलेल्या फिटला डॉक्टर 'स्टेटस एपिलेप्टिकस' म्हणतात. पूर्वी अर्धा तास चालली तर हे नाव मिळायचं. २०१५ साली एपिलेप्सीच्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने नवी व्याख्या केली आणि तीत दोन आकडे दिले. सगळं अंग आकडणाऱ्या, झटके येणाऱ्या फिटसाठी पहिला आकडा ५ मिनिटं. यापुढे गेलेली फिट आपल्या आपण थांबण्याची शक्यता कमी, म्हणजे उपचार सुरू. दुसरा आकडा ३० मिनिटं. यापुढे मेंदूचं दीर्घकाळ टिकणारं नुकसान व्हायचा धोका.

पाचच मिनिटं का? कारण फिट लांबत जाते तसे ब्रेकच निकामी व्हायला लागतात. गाबाचा 'थांब' हा निरोप घेणारे रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर असतात. फिट चालूच राहिली की पेशी हे रिसेप्टर आत ओढून घेते. दार वाजतंय, पण उघडायला कुणी नाही! फिट थांबवायची पहिली औषधं, लोराझेपाम, मिडॅझोलॅम वगैरे, नेमकी याच दारावर टकटक करतात. म्हणून तेच औषध लवकर दिलं तर लागू पडतं आणि उशिरा दिलं तर कमी पडतं. ही पहिली फळी फेल गेल्यावर द्यायच्या तीन औषधांची अमेरिकेत तुलना झाली, तिचे निकाल २०१९ साली आले. तिन्ही औषधं सारखीच निघाली. साधारण निम्म्या पेशंट्सना उपयोग झाला, निम्म्यांना नाही. उशिराची किंमत ही अशी असते.

दुरुस्तीवाले आले आणि...

समजा, फिट थांबली. आता खरी गोष्ट सुरू होते.

आपल्याला पाय मुरगळला की तिथे सूज येते, लाल होतं, गरम लागतं. त्याला दाह म्हणतात. शरीराची रिपेअर टीम कामाला लागल्याची ती खूण असते. मेंदूचीही अशी टीम आहे. मायक्रोग्लिया नावाच्या पेशी एरवी शांतपणे गस्त घालत असतात, मेलेल्या पेशी उचलतात, साफसफाई करतात. ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशी रसायनांची साठवण-सांडवण बघतात. लांबलेल्या फिटमध्ये मेंदूच्या पेशी प्रमाणाबाहेर दमतात, काही मरतात, आणि धोक्याचा भोंगा वाजतो. मग या दोन्ही टीम्स पवित्रा घेतात आणि दाह वाढवणारी रसायनं सोडायला लागतात. इंटरल्युकिन-१ बीटा, टीएनएफ अल्फा अशी ती नावं. ती पाठ करायची गरज नाही. काम मात्र लक्षात ठेवा. यातली काही रसायनं नुसती सूज आणून थांबत नाहीत, ती पेशींना जास्त चिडकं करतात. म्हणजे पुढची फिट यायला सोपं जातं. मिलानच्या मारिओ नेग्री संस्थेत ॲनामारिया वेझ्झानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे उंदरांच्या मेंदूत १९९९ सालापासून दाखवून दिलंय. त्याआधी दाह हा फिटचा नुसता परिणाम मानला जायचा. तो कारणही असू शकतो, हे नंतर लक्षात आलं.

एवढ्यावर थांबत नाही. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये एक कडक सिक्युरिटी असते, ऐऱ्यागैऱ्याला आत सोडत नाही. या धांदलीत ती ढिली पडते. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन आत झिरपतं आणि ॲस्ट्रोसाइटचं रोजचं काम बिघडवतं. त्या सैल दारातून रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशीही घुसतात. अटलांटाच्या एमरी विद्यापीठाने २०१६ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगात दिसलं, की लांबलेल्या फिटनंतर पुढच्या एक ते तीन दिवसांत या पेशी मेंदूत शिरतात. त्यांना दारातच अडवलं तर दाह कमी होतो आणि मेंदूच्या पेशीही कमी मरतात.

एक-तीन दिवसांनी! म्हणजे बघा, फिट केव्हाच संपलेली, पेशंट कदाचित उठून बसलेला, नातेवाईक डिस्चार्जचं विचारताहेत, आणि आत हे चाललंय.

आपल्या शहरांत राहणाऱ्याला हे समजायला अवघड नाही. पाइप फुटला म्हणून दुरुस्तीवाले येतात. पाइप जोडतात, पण रस्ता खणून ठेवून जातात. मग त्या खड्ड्यात रोज कुणीतरी पडतं. मेंदूतही असंच. जुन्या वाटा मोडतात, नव्या चुकीच्या जोडण्या तयार होतात, आठवणींचं केंद्र असलेला हिप्पोकॅम्पस आकसतो, कडक होतो. हळूहळू असं एक जाळं विणलं जातं, जे कुणी न डिवचताही पेटू शकतं. बाहेरून सगळं शांत. उंदरांत हा शांत काळ काही दिवस ते काही आठवड्यांचा असतो. माणसांत महिन्यांचा, वर्षांचा.

याचा एक जवळपास प्रयोगशाळेतल्यासारखा स्वच्छ पुरावा १९८७ साली कॅनडात मिळाला, आणि तोही जेवणाच्या टेबलावरून. प्रिन्स एडवर्ड बेटावरचे मसल्स, म्हणजे आपल्या गोव्याकडच्या शिनाण्यांचे भाऊबंद, खाऊन शंभरहून जास्त लोक आजारी पडले. त्या शिंपल्यांत डोमोइक ॲसिड नावाचं विष होतं, जे मेंदूत ग्लुटामेटची नक्कल करतं. त्यांत ८४ वर्षांचे एक गृहस्थ होते. त्यांना लांबलेल्या फिट्स आल्या, मग ते सावरले. स्मरणशक्ती गेली, पण फिट्स थांबल्या. आठ महिने काही नाही. आणि वर्षाच्या आसपास टेंपोरल लोबच्या फिट्स सुरू झाल्या. त्यांच्या दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस आकसलेले दिसले. या वयापर्यंत फिट्स नाहीत, मग एक विषबाधा, एक लांबलेली फिट, एक शांत काळ, आणि मग एपिलेप्सी. माझ्या मैत्रिणीची दोन वर्षं आणि त्या आजोबांचे आठ महिने, दोन्ही एकाच प्रकारची शांतता.

पण सगळ्यांनाच असं होतं का? नाही. आणि हे नीट वाचा, कारण घाबरवायचा माझा हेतू नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टरमधल्या रुग्णांचा एक अभ्यास १९९८ साली आला. स्ट्रोक, डोक्याला मार, मेंदूचा संसर्ग अशा कारणांनी फिट आलेल्यांचा. ज्यांची फिट थोडक्यात थांबली, त्यांच्यापैकी १३ टक्क्यांना पुढच्या १० वर्षांत विनाकारण फिट आली. ज्यांची लांबली, त्यांच्यात हेच प्रमाण ४१ टक्के. आता कुणी हुशार वाचक म्हणेल, ज्यांना मूळ इजा मोठी त्यांचीच फिट लांबणार, मग दोष कुणाचा? शंका रास्त आहे. कारणांचा हिशेब जुळवून घेतल्यावरही धोका तिपटीहून जास्त राहिला. तरीही ४१ म्हणजे १०० नव्हे. निम्म्याहून जास्त लोक सुटले.

मग गोळी घेऊ का?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असणारच. दाह हाच व्हिलन असेल, तर डोकेदुखीवर घेतो ती दाह उतरवणारी गोळी घ्यायची, संपला विषय!

इतकं सोपं असतं तर काय हवं होतं. दाहाच्या या साखळीत कॉक्स-२ नावाचं एक एन्झाइम आहे आणि त्याला अडवणाऱ्या गोळ्या बाजारात आहेत. पण हे एन्झाइम फक्त वाईटच कामं करत नाही. ते सरसकट बंद केलं की काय होतं, हे जगाने २००४ साली पाहिलंय. व्हायॉक्स नावाची गाजलेली वेदनाशामक गोळी हार्ट ॲटॅक आणि स्ट्रोकचा धोका वाढतो म्हणून कंपनीला बाजारातून मागे घ्यावी लागली होती. म्हणून शास्त्रज्ञ साखळीतली पुढची, जास्त नेमकी कडी शोधताहेत. एमरीच्याच टीमने २०१३ साली ईपी२ नावाचा रिसेप्टर अडवणारं एक संयुग उंदरांना दिलं, तेही फिट सुरू झाल्यावर चार तासांनी. दाह कमी झाला, मेंदूच्या सिक्युरिटीची गळती कमी झाली, पेशी वाचल्या. आशा वाढवणारी बातमी. पण उंदीर म्हणजे आपण नव्हे, आणि पेशी वाचल्या म्हणजे एपिलेप्सी टळलीच असंही नव्हे.

माणसांत ॲनाकिन्रा नावाचं, मुळात संधिवातासाठी आलेलं औषध डॉक्टर काही मोजक्या पेशंट्सना देऊ लागलेत. ज्यांच्या फिट्स अचानक सुरू होतात आणि कशालाच दाद देत नाहीत, अशांना. हे औषध इंटरल्युकिन-१ची वाट अडवतं. पण हे आयसीयूतलं काम आहे, केमिस्टकडे मागायची गोष्ट नव्हे.

आणि रोजच्या फिटच्या गोळ्या? त्या फिट दाबतात. एपिलेप्सी घडायची आतली प्रक्रिया थांबवतात असं दिसलेलं नाही. डोक्याला जबर मार लागलेल्या ४०४ पेशंट्सवर १९९० साली अभ्यास झाला. फेनिटॉइनने पहिल्या आठवड्यातल्या फिट्स कमी झाल्या, नंतरच्या नाहीत. पण म्हणून गोळ्या बिनकामाच्या, असं अजिबात नाही. नीट निदान आणि नीट उपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात. गोळ्या अचानक बंद करणं हे तर फिट लांबायचं एक मोठं कारण आहे. 'सहा महिने काही नाही, आता कशाला' म्हणत परस्पर गोळी सोडणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आपल्या देशात दाहाची आणखी एक वाट आहे, तीही सांगून टाकते. न धुतलेली भाजी, घाणेरडं पाणी यांतून डुकरातल्या फीतकृमीची अंडी पोटात जातात. शुद्ध शाकाहाऱ्यांच्याही! मग त्यांच्या अळ्या मेंदूत जाऊन बसतात. वर्षानुवर्षं काही होत नाही. अळी मरायला लागते तेव्हा शरीर तिच्यावर तुटून पडतं, दाह होतो आणि फिट येते. म्हणून तिथे जंताच्या औषधाबरोबर दाह उतरवायला स्टेरॉइड देतात. भारतात एपिलेप्सीच्या टाळता येण्यासारख्या कारणांत हे एक मोठं कारण आहे. पाणीपुरीवाल्याकडे जाऊ नका असं म्हणायची माझी हिंमत नाही, पण कोथिंबीर धुतलेली आहे का हे बघाच.

तर करायचं काय?

दाहावरचं नेमकं औषध येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या हातात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे फिट लांबू न देणं. त्यासाठी डॉक्टर असायला लागत नाही.

वेळ बघा. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली जॅकेट किंवा बॅग सरकवा, आजूबाजूच्या खुर्च्या हटवा, टाय किंवा ओढणी सैल करा. तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. हातपाय दाबून धरू नका. कांदा भजीसाठी ठेवा. पाच मिनिटं झाली, किंवा शुद्ध न येताच दुसरी फिट सुरू झाली, की लगेच १०८ला फोन किंवा मिळेल त्या गाडीने हॉस्पिटल. आयुष्यातली पहिलीच फिट असेल, बाई गरोदर असेल, डोक्याला मार लागला असेल, पेशंटला मधुमेह असेल किंवा श्वास नीट येत नसेल, तर पाच मिनिटांचीही वाट बघायची नाही. आणि झटके थांबले पण माणूस भानावर येत नसेल, तरीही जा. कधी कधी बाहेरची फिट थांबते, आतली चालूच असते.

ज्यांच्या घरी एपिलेप्सी आहे, त्यांनी डॉक्टरांना मिडॅझोलॅमच्या नाकात मारायच्या स्प्रेबद्दल जरूर विचारा. डॉक्टरांनी लिहून दिला आणि वापरायला शिकवलं, तर पर्समध्ये मावतो. वेळ वाचवल्याचा फायदा किती? अमेरिकेत ॲम्ब्युलन्समधल्या पेशंट्सवर एक चाचणी झाली, २०१२ साली छापून आली. शीर शोधून लोराझेपाम दिलेल्यांपैकी ६३ टक्के लोक हॉस्पिटलला पोचेपर्यंत फिटमुक्त होते. सरळ मांडीत मिडॅझोलॅम टोचलेल्यांपैकी ७३ टक्के. कारण शीर शोधण्यात मिनिटं जातात, मांडी शोधायला लागत नाही!

शेवटचं, पण माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या मैत्रिणीने नव्या ऑफिसमध्ये कुणालाही सांगितलेलं नाही. आधीच्या ठिकाणी सांगितल्यावर तिला 'जरा हलकं काम' मिळालं होतं आणि प्रमोशन मिळालं नव्हतं. लग्नाच्या बाजारात तर बोलायलाच नको. खरं म्हणजे एपिलेप्सी हे विवाह रद्द ठरवण्याचं कारण होतं, ती तरतूद १९९९ सालीच कायद्यातून काढून टाकली गेली. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही सांगितलं, की हा असाध्य आजार नाही आणि मनोविकारही नाही. कायदा पुढे गेला, आपण अजून चपलेशीच अडलोय.

आणि या लपवण्याची किंमत मिनिटांत मोजायला लागते. ज्याने सांगितलंय, त्याच्या शेजारच्याला स्प्रे कुठल्या कप्प्यात आहे हे माहीत असतं. ज्याला सांगायची भीती वाटली, त्याच्याभोवती फक्त गर्दी असते आणि 'कुणीतरी काहीतरी करा' असा आरडाओरडा. पाच मिनिटं अशी बघता बघता संपतात.

वर्षातून एकदा आपल्या सगळ्यांच्या ऑफिसमध्ये फायर ड्रिल होतं. सायरन वाजतो, आपण जिने उतरतो, खाली उभं राहून चहा पितो. पुढच्या वेळी तिथेच, त्याच चहावर, कुणीतरी दहा मिनिटं हेही सांगायला काय हरकत आहे? एचआरला मेल टाका. विषय म्हणून काय लिहायचं सुचत नसेल, तर या लेखाचं कात्रण जोडा. आणि शेजारच्या डेस्कवरून कुणी हळूच येऊन 'मला तुला काहीतरी सांगायचंय' म्हणालं, तर खुर्ची ओढून बसा. मीटिंग थांबेल पाच मिनिटं.